नॅनीच्या हनुवटीवरचा हात

सिडनी, १४ सप्टेंबर १९८६

ताई,

आधी खुर्चीत बस आणि मग वाच. माझ्या फोटोंचं प्रदर्शन लागलंय! आमच्या वस्तीतल्या लायब्ररीत, तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत. बिस्किटांच्या कारखान्यातल्या आपल्या बायका, सामन्यानंतर चिखलाने माखलेली पोरं, रविवारी चर्चबाहेर गप्पा मारणारे म्हातारे, सगळे आहेत. आणि दारातून शिरल्या शिरल्या समोर नॅनी. तीच, हसणारी. जाहिरातीच्या कागदावरही तिलाच छापलंय. जन्मात कधी विमानात न बसलेली आपली आजी आज समुद्रापलीकडे सिडनीच्या बसथांब्यांवर हसतेय. मी तर दोन थांबे आधीच उतरते आणि चालत जाते, तिला बघायला.

पेपरात आलंय, कात्रण जोडते. लिहिणारी मुलगी चांगली होती. 'कोणाकडेही न शिकता केवळ उपजत नजरेच्या बळावर' असं काहीबाही लिहिलंय तिने. मला वाचताना लाजच वाटली, पण पाकीट भरून कात्रणं कापून ठेवली आहेत, खोटं कशाला बोलू?

आता काम सांगते. लायब्ररीवाल्यांना पुढच्या वर्षी जुन्या फोटोंचं काहीतरी करायचंय. तुझ्या पत्र्याच्या डब्यांतल्या निगेटिव्ह मला पाठवशील का? पेतेरा फोनवर म्हणाला, ताईने पाच वर्षांत कॅमेऱ्याला हात लावलेला नाही. डोळ्यांचं काही आहे का गं? माझा भाऊ तुला माहीतच आहे, अर्धवट सांगतो आणि फोन ठेवतो. तुझा तो वरून डोकावायचा जुना कॅमेरा नुसता धूळ खात असेल तर तोही दे. इथे वापरला तरी जाईल.

पाओराभावजींना सांग, मेहुणी प्रसिद्ध झाली.

हुहाना

*

वाइकौरा, ५ ऑक्टोबर

हुहाना,

बसून वाचलं. कात्रण पाओराने मोठ्याने वाचून दाखवलं, दोन वेळा, कारण त्याला वाटलं मला आनंद होतोय. इतकी वर्षं संसार करून माणसाला बायकोचं तोंड वाचता येत नाही.

कोणाकडेही न शिकता! वा गं वा! मग माझ्या धुण्याच्या खोलीत लाल दिव्याखाली माझ्या शेजारी उभी राहून ट्रे हलवणारी ती चौदा वर्षांची शेंबडी कोण होती? कॅमेरा पोटाशी धरून श्वास रोखायचा आणि मगच बटण दाबायचं, हे तुला बिस्किटांच्या कारखान्याने शिकवलं वाटतं. माझं काही म्हणणं नाही. मी आपली विचारते.

निगेटिव्ह मिळणार नाहीत. कॅमेरा तर नाहीच नाही. आणि माझे डोळे ठणठणीत आहेत. खाडीच्या तोंडाशी होडी दिसली की ती कोणाची ते मी अजून स्वयंपाकघरातून सांगते.

का सोडलं ते ऐकायचंय? ऐक. नॅनी गेली तेव्हा तिच्या तांगीला, अंत्यविधीच्या त्या तीन दिवसांत, शवपेटीच्या उशाशी जो फोटो होता तो मी काढलेला होता. मी धुतलेला, मी चौकटीत बसवलेला. वर्षाने तिच्या कबरीच्या दगडावरचं कापड काढलं आणि फोटो सभाघरात, गेलेल्यांच्या भिंतीवर न्यायची वेळ आली, तेव्हा मी माझा फोटो छातीशी धरून ओळीत उभी होते. तेवढ्यात पेतेरा तू पाठवलेलं पार्सल घेऊन आला. कागद फाडला आणि सगळं गाव एका दमात रडलं नि हसलं. 'हीच आमची हारिया! हीच!' काकांनी तुझाच फोटो आत नेला. मी माझा घेऊन घरी आले. कोणाला कळलंसुद्धा नाही.

तीस वर्षं या गावातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक बारसं मी काढलं. तू एका नाताळला आठ दिवस आलीस, एक फोटो काढलास आणि भिंत घेऊन गेलीस. त्या दिवसापासून मी रोल भरला नाही. मी जळते तुझ्यावर, हुहाना. तोंडाने बोलायला लाज वाटते म्हणून लिहून टाकलं.

रताळी यंदा बरी आहेत.

रिपेका

*

सिडनी, २२ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि इतकी हसले की मुकादम बघायला आला. तू, आणि माझ्यावर जळणार! लहानपणापासून तुझी हीच तऱ्हा, वर शिव्या आणि पाठोपाठ डबाभर तळलेले पाव.

पेपरवालीने विचारलं, कुठल्या शाळेत शिकलात? मी म्हटलं, शाळेत नाही. बाकी तिचं तिने रंगवलं. पुढच्या वेळी तुझं नाव ठणकावून सांगेन, झालं समाधान?

पण ताई, खरंच एकदा डोळे तपासून घे. पन्नाशीनंतर बारीक दिसेनासं होतं आणि माणसाला ते कबूल करवत नाही. आमच्या इथल्या बायांचंही असंच होतं. चष्मा लागला म्हणून काही आभाळ कोसळत नाही.

निगेटिव्हचं मनावर घे.

हुहाना

*

वाइकौरा, २३ नोव्हेंबर

हुहाना,

चष्मा तू लाव. मी सरळ लिहिलेलं तुला वाकडं दिसतं.

गावची बातमी अशी. येत्या ईस्टरला सभाघर रंगवून नव्याने उघडायचं ठरलंय. सगळे फोटो भिंतीवरून उतरवले आणि आम्ही बायका मराएवर, सभाघरापुढच्या अंगणात, ओळीने बसून काचा पुसत होतो. प्रत्येक मेलेल्याची खबरबात काढत, थोडं रडत, थोडी चहाडी करत, नेहमीसारखंच. नॅनी माझ्या मांडीवर आली आणि तेवढ्यात प्रश्न निघाला की तिच्या हनुवटीवरचा हा हात कोणाचा? इतकी वर्षं सगळ्यांना वाटत होतं की तो तिचाच. पण बोटं बघ ना, सरळ आहेत. नॅनीची बोटं शेवटी शेवटी आल्याच्या गाठीसारखी वाकडी झाली होती.

हात माझा आहे. तुला माहीतच आहे, तू कॅमेऱ्यामागे होतीस.

मग जो गोंधळ झाला म्हणतेस! सिडनीत राहून विसरली असशील तर आठवण करून देते: मेलेल्यांच्या भिंतीवर जिवंत माणूस लागत नाही. लागलं तर वरचे त्याला लवकर हाक मारतात. पेतेरा म्हणाला, हात म्हणजे काही अख्खं माणूस नव्हे. आंटी केरा म्हणाली, मग तुझा काढून लटकवू का? ऐंशीच्या घरातली बाई, पण भांडायला विशीची. तिच्यापुढे काकांचंही चाललं नाही. ती म्हणाली, पाच वर्षं ही पोरगी अर्धी भिंतीवर आहे, तरीच तिचा चेहरा उतरलाय, तरीच ती कॅमेरा हातात धरत नाही. सगळ्यांना ते पटलं. मलाही क्षणभर पटलं.

तर फोटो उतरला. काका म्हणतात, हुहानाला लिहा, हात कापून नवा फोटो पाठवू दे. म्हणून लिहिते. बाकी ठीक.

रिपेका

*

सिडनी, १२ डिसेंबर

रिपेका,

'ताई' असं लिहीत नाही आज.

पेतेराचा फोन आला होता. 'प्रश्न निघाला' म्हणे! प्रश्न काय आपोआप निघतो, जमिनीतून मशरूम निघाल्यासारखा? तूच काढलास. तूच काच पुसता पुसता मोठ्याने म्हणालीस, 'बघा गं, हा हात कोणाचा ते.' पेतेरा तिथे फळ्या रंगवत होता, त्याने कानाने ऐकलंय. ताकाला जाऊन भांडं लपवणं तुला शोभत नाही. इतकी वर्षं तुला माहीत होतं आणि तू गप्प होतीस, आणि माझं नाव पेपरात आल्याबरोबर तुला जिवंत-मेलेल्यांचे नियम आठवले.

मी हसले होते तुझ्या पत्रावर. मला वाटलं, चेष्टा करतेस. तू खरंच जळतेस, ताई. माझा नॅनीचा फोटो तू भिंतीवरून उतरवलास.

हात मी कापणार नाही. काकांना सांग. नुसता कागद कापायचा असता तर मी इथून पाच मिनिटांत कापला असता. पण त्या फोटोत हातच आहे. हात काढला तर एक म्हातारी कारण नसताना हसतेय, वेड लागल्यासारखी. ती माझ्याकडे बघून हसत नव्हती. नीट बघ एकदा, तिचे डोळे तुझ्यावर आहेत.

आता माझंही ऐक, तू एकटीच जळणारी नाहीस. तुला जन्मल्या जन्मल्या आजीच्या मांडीवर दिली, थोरल्या नातीला देतात तशी. तू तिच्या अंथरुणात झोपलीस. मी तिच्या दुसऱ्या मुलाची धाकटी, सुट्टीत येणारी. मला ती चांगल्या कपात चहा द्यायची, पाहुणीसारखा. तुझ्यावर दिवसभर खेकसायची. ते खेकसणं मला हवं होतं गं! त्या नाताळला तुम्ही दोघी पाव तळत होतात, पिठाने माखलेल्या, आणि तू तिची हनुवटी पुसलीस नि ती काहीतरी बोलली आणि तुम्ही दोघी हसून फुटलात. मी दारात उभी होते. आत यायला जागा नव्हती. म्हणून मी कॅमेरा उचलला. तो फोटो मी आनंदाने काढलेला नाही, दात-ओठ खाऊन काढलाय.

लोक मला विचारतात, आजी का हसतेय? मी सांगते, आमच्यातली गंमत आहे. मला माहीतच नाही. ती काय बोलली होती, ताई?

हुहाना

*

वाइकौरा, १८ जानेवारी १९८७

हुहाना,

नाताळ तसाच गेला. तुझं पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं, दिसू नये म्हणून, आणि रोज पीठ काढताना दिसत होतं.

हो, मीच म्हणाले. तुला शिव्या द्यायच्या तर दे. काच पुसताना तिच्याकडे बघत बसले आणि इतकी जळले की तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर बरंही वाटलं. तासभर. मग खिळ्याची रिकामी जागा बघितली.

ती काय बोलली ते मी सांगणार नाही. ते माझं आहे. सिडनीतल्या बसथांब्यांवर तुझ्याकडे ती आहे, तिचं हसू आहे, पेपर आहे; एवढं एक वाक्य माझ्याकडे राहू दे. दुखतंय ना पोटात? दुखू दे. माझं पाच वर्षं दुखलं.

आता दुसरं. आंटी केरा म्हणते, ईस्टरच्या आत नॅनीचा फोटो आणा, तोही एकटीचा. मी सगळे डबे काढले. पाओरा म्हणाला, एवढ्या वर्षांनी झाकण उघडतेस, आत काही जिवंत तर नाही ना? सगळंच जिवंत होतं, तोच तर घोटाळा. खिडकीच्या उजेडात एकेक पट्टी धरून बघितली. नॅनी प्रत्येक ठिकाणी आहे आणि कुठेच एकटी नाही. कडेवर पोर, मांडीवर पोर, पाठीशी सून, शेजारी आंटी केरा खुर्चीवरून भांडताना. तिला एकटं असं कोणी सोडलंच नाही आयुष्यभर. तुझे आठ दिवस धरून.

शेवटी तोच एक निघाला, जो मी छातीशी धरून उभी होते. तिची साठी उलटल्यावर काढलेला, काळा पोशाख, मान ताठ, ओठ मिटलेले, हनुवटीवरचं गोंदण रेघ न् रेघ दिसतंय. कपाटामागे ठेवलेली प्रत ओल लागून बुरशीने खाल्ली. निगेटिव्ह चांगली आहे. फोटो मोठे करायचा एनलार्जरही पुसला, चालतो. पण माझा कागद जुना, नुसता राखेसारखा करडा उमटतो, आणि शहरातल्या दुकानाने काळ्या-पांढऱ्याचा कागद ठेवणंच सोडलंय. मागवला तर ईस्टरनंतर येईल म्हणतात.

कागद पाठव. डेव्हलपरही.

मला हे लिहिताना किती जड गेलं ते तू ओळख. मी पाओरालाही वाचून दाखवलेलं नाही.

रिपेका

*

सिडनी, ९ फेब्रुवारी

ताई,

कागद, डेव्हलपर, फिक्सर, सगळं या पेटीत आहे. माझाच फोटो उतरवून तुझा लावायला मीच सामान पाठवतेय. माझ्यासारखी मूर्ख बाई सिडनीत शोधून सापडणार नाही. दुकानदाराने विचारलं, नवीन प्रदर्शन का? म्हटलं, हो, माझ्या शत्रूचं.

पहिले फोटो वाया जातील, हाताची सवय मोडलीय तुझ्या. घाई करू नकोस. चेहरा उमटायला लागला की आपण कागद लवकर काढतो, तू मला त्यावरून मारलं होतंस.

वाक्य नको सांगूस. मीही तुला बरंच काही सांगत नाही.

हुहाना

*

वाइकौरा, २२ मार्च

हुहाना,

पेटी मिळाली. कागद उत्तम आहे. माझ्या हातात कधी असला चांगला कागद नव्हता, म्हणजे बघ, तिथेही तू पुढेच.

पहिले फोटो वाया गेले. एक काळा, एक फिकट, एकात माझाच अंगठा. दिवसाढवळ्या खिडकीला घोंगडी लावून आत उकडत उभी होते आणि स्वतःला शिव्या देत होते की म्हातारे, कशाला हा उपद्व्याप. मग एक कागद ट्रेमध्ये टाकला, हलवायला लागले, आणि आधी तिचं गोंदण उमटलं. नुसतं गोंदण, पांढऱ्या कागदावर. मग डोळे आले. मग ती माझ्याकडे बघायला लागली, 'इतकी वर्षं कुठे होतीस?' अशी. मला रडू आलं आणि तरी मी हात थांबवला नाही. तू सांगितलंस म्हणून कागद लवकर काढला नाही. पाओरा दार वाजवत होता, जेवायचं आहे का? मी म्हटलं, दार उघडलंस तर तुझं नाव टाकेन! त्याने बाहेरूनच विचारलं, 'आलीस का परत?' मला त्याचं काय म्हणणं आहे ते कळायला वेळ लागला.

फोटो चांगला आहे. पण एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर मला झोप लागायची नाही. सगळे डबे पालथे घालताना मला दिसलं की माझ्या फोटोंत माणसं पोलीस आल्यासारखी उभी आहेत. तीस वर्षं मी त्यांना 'हलू नका' म्हणत होते. ती बिचारी हलली नाहीत.

आता गंमत ऐक. हाताच्या भानगडीने गावातले सगळे म्हातारे घाबरलेत. प्रत्येक जण घरी जाऊन आपले फोटो बघून आला आणि प्रत्येकाच्या शेजारी कोणी ना कोणी जिवंत सापडलं. आंटी केरा तर मी नॅनीचा फोटो धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात हजर. अंगावर ठेवणीतला कोट, गळ्यात हिरवा दगड. 'काढ माझा. एकटीचा. आजूबाजूला कुत्रंसुद्धा नको. मी मेल्यावर माझ्या भिंतीवर भांडण नको.' मी म्हटलं, मी सोडलंय आता. ती म्हणाली, 'मी मरायचं सोडलेलं नाही. रोल भर.'

तेव्हा भरला. शहरातून रोल आणायला पाओराच गेला, न सांगता.

ती बसली दगडासारखी. मी वरून काचेत डोकावले आणि परत तोच पोलीस! मग मला तुझा फोटो आठवला. तू त्यात चलाखी केली होतीस की नशीब होतं, मला माहीत नाही, पण नॅनी कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. आणि माझा कॅमेरा तर असा की मान खाली, समोरच्याला माझं टाळकं तेवढं दिसतं. तो माझ्याकडे बघतच नाही, माझ्या शेजारी जे असेल त्याच्याकडे बघतो. इतकी वर्षं माझ्या शेजारी मी कोणाला उभंच केलं नव्हतं. पाओराला हाक मारली आणि म्हटलं, लहानपणी आंटीची रताळी कशी चोरायचास ते तिला सांग. त्याने सांगायला सुरुवात केली आणि केराआंटीचं तोंड उघडलं ते बंद होईना. शिव्या देतादेताच ती हसली. मी श्वास रोखला. बटण दाबलं. एकटीचा आहे फोटो, कुत्रंसुद्धा नाही, आणि तरी घरभर माणसं असल्यासारखी दिसतेय ती.

तेव्हापासून रांग लागलीय. प्रत्येक म्हातारा आपापला वैरी नाहीतर मैतर घेऊन येतो, माझ्या शेजारी उभा करायला. रसायनांनी माझे हात पिवळे झालेत, कमरेत उसण भरलीय, आणि सकाळी डोळा उघडला की आधी खिडकीतला उजेड बघते. अशी मी विशीत होते. हे सगळं तुझ्यापासून चोरलंय. आता तू कुठल्या पेपरवालीला सांग हवं तर.

आणि ते वाक्य. मी तिच्या हनुवटीवरचं पीठ पुसत होते, तुला दिसलंच. पीठ निघाल्यावरही पुसतच होते, माझं लक्ष नव्हतं. ती म्हणाली, 'किती घासशील पोरी? ते गोंदण आहे. ते काढायला देवालाही जमायचं नाही.'

बस. एवढंच होतं.

रिपेका

*

सिडनी, ५ एप्रिल

ताई,

वाक्य वाचलं आणि कपाटातून मोठा फोटो काढून समोर ठेवला. इतकी वर्षं तो नुसता दिसत होता. आता ऐकू येतो. आणि मग, सांगू का, पुन्हा जळले. माझा फोटो माझ्यापेक्षा तुला जास्त कळतो हे काही बरोबर नाही.

आणि ती रांग! मला इथे एकेका म्हातारीच्या दहा-दहा विनवण्या कराव्या लागतात, आणि तुझ्या दारात ठेवणीतले कोट घालून येतात. गेला महिना माझा कॅमेरा कपाटातच आहे. प्रदर्शनानंतर जे काढते ते सगळं त्या एका फोटोसारखं दिसावं म्हणून काढते आणि कशातच दम नसतो. तू परत सुरू केलंस आणि माझं बंद पडलं. दोघींना एका वेळी मिळूच नये असं काही आहे का आपल्या घराण्यात?

ईस्टरला यायला सुट्टी मिळत नाही. रुसून येत नाही असं समजू नकोस. थोडी रुसले आहे, पण सुट्टीही मिळत नाही.

तुझा फोटो लागताना सगळं बघून ठेव. मला लिही. खरं लिही.

हुहाना

*

वाइकौरा, २६ एप्रिल

हुहाना,

खरं लिहिते.

पहाटे दार उघडलं, प्रार्थना झाली, मग बायकांनी एकेक फोटो छातीशी धरून आत नेला. नॅनी माझ्याकडे होती. या वेळी ओळीत मी पहिली. आपण गेलेल्यांना हाक मारतो तशी आंटी केराने हाक मारली आणि अख्खं घर रडलं. काकांनी खिळ्यावर चढवली. नव्या रंगावर ती अशी दिसते की आत शिरणारा माणूस आपोआप पाठ सरळ करतो. पेतेराने तर टोपी काढून खिशात कोंबली. मी जिंकले, हुहाना. ज्यासाठी पाच वर्षं जीव जाळला ते मला मिळालं. मी तिथे उभी राहून खूप रडले आणि मला चांगलं वाटलं. हे मी लपवणार नाही.

मग सगळे जेवायला बसले. तिथे कोणीतरी म्हणालं, हारिया कशी हसायची, आणि सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर ती हसत नव्हती.  मी घास खाली ठेवला. माझ्या फोटोने तिची आब राखली, पण ती हसायची कशी ते सांगायला तुझाच फोटो लागतो. 

जेवण झाल्यावर मी आंटी केराजवळ जाऊन बसले. विचारलं, हातवाला फोटो परत कधीच लागणार नाही का? ती म्हणाली, 'हाताची मालकीण जिवंत आहे तोवर नाही.' मी म्हटलं, आणि मेल्यावर? तिने चहात पाव बुडवला, विचार केला आणि म्हणाली, 'मग काय हरकत आहे? दोघीही मेलेल्याच. मी असले तर मीच लावीन.'

तर ठरलं. काकांना सांगितलं, पेतेराला सांगितलं, पाओराला सांगितलं. तो चिडून बाहेर जाऊन लाकडं फोडत बसला. मी गेल्यावर माझा एकटीचा फोटो भिंतीवर लावायचा नाही. या गावात मी सगळ्यांचे एकटे काढले, मला तसं राहायचं नाही. माझ्या नावाने तुझा तो फोटो लागेल, नॅनीच्या शेजारच्या खिळ्यावर. तोवर तो माझ्या स्वयंपाकघरात आहे.

तू नाताळला ये. कॅमेरा कपाटातून काढून आण, तो एक फोटो मात्र सिडनीतच ठेवून ये. एकासारखा दुसरा फोटो निघत नसतो, मी तीस वर्षं सांगते तुला. आंटी केराला आता नदीपलीकडच्या बहिणीबरोबरचा भांडतानाचा फोटो हवाय, घरी लावायला. तो तू काढ. मला जमत नाही, मला दोघींची भीती वाटते. माझ्या शेजारी उभी राहा, मी तुझ्या राहीन.

आणि भिंतीवरच्या तुझ्या फोटोची घाई करू नकोस. मी अजून पुष्कळ वर्षं जगणार आहे, निदान तुला जळवायला तरी. एक दिवस तो लागेल, सगळं गाव रडेल नि हसेल, आणि म्हणेल, हा हुहानाने काढला. म्हणू दे. फोटो तुझा असेल, पण तिच्याजवळ मी असेन.

रिपेका